अलीगढचे बंड आणि जामियाची शाळा

मुस्लिम समाजातील शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा संस्थापकांच्या नावाने सांगितला जातो. १८७५ साली अलीगढला शाळा काढणारे सर सय्यद अहमद खान, १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी करणारे बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे सहकारी, १९०६ साली कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेणारे राजर्षी शाहू महाराज ही नावे आपण आदराने घेतो आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु या साऱ्या कथनात विद्यार्थी कुठे असतो? तो शिकवले जाणारे मूल असतो, वसतिगृहातला जेवणारा असतो, फार तर शिष्यवृत्तीचा लाभार्थी असतो. आपल्याला कोणते शिक्षण हवे, कोणाच्या पैशावर हवे, कोणत्या भाषेत हवे याविषयी त्याचे काही म्हणणे असू शकते, हे या इतिहासात क्वचितच दिसते. १९२० साली अलीगढमध्ये घडलेली घटना म्हणूनच वेगळी आहे. तेथे एका विद्यापीठाची सुरुवात विद्यार्थ्यांच्या नकारातून झाली. हे विद्यापीठ म्हणजे जामिया मिल्लिया इस्लामिया.

या घटनेकडे खिलाफत चळवळीचे एक उपप्रकरण म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. ते पूर्ण खरे नाही. खिलाफत चळवळ चार-पाच वर्षांत संपली, पण त्या मुलांनी उपस्थित केलेला प्रश्न संपला नाही. तो आजही आपल्या दारात उभा आहे.

अलीगढची पार्श्वभूमी

१८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान सरकारच्या रोषाला बळी पडले होते. या समाजाला इंग्रजी शिक्षण, आधुनिक विज्ञान आणि सरकारी नोकरीच्या वाटेने पुन्हा उभे करावे, असा सर सय्यद यांचा विचार होता. मोहामेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज हे त्या विचाराचे मूर्त रूप. सनातनी मंडळींनी त्यांच्यावर कुफ्रचे फतवे काढले, तरी ते मागे हटले नाहीत. त्यांच्या धाडसाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र या कॉलेजच्या पायातच एक अट होती. सरकारची मर्जी राखायची, युरोपीय प्राचार्य आणि प्राध्यापकांच्या हाती कॉलेजची शिस्त द्यायची आणि राजकारणापासून मुलांना दूर ठेवायचे.

मुले दूर राहिली नाहीत. ज्या शिक्षणाने त्यांना इंग्रजी वृत्तपत्र वाचायला शिकवले, त्याच शिक्षणाने त्यांना प्रश्न विचारायलाही शिकवले. १९०३ साली अलीगढहून बी. ए. झालेले हसरत मोहानी विद्यार्थी असतानाच कॉलेजच्या अधिकाऱ्यांना डोईजड झाले होते. पुढे ते लोकमान्य टिळकांचे निष्ठावान अनुयायी बनले आणि १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. उर्दूतला एक नामवंत गझलकार आपल्या राजकीय गुरूच्या जागी पुण्याच्या टिळकांना मानतो, ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १९०७ साली तर कॉलेजमध्ये मोठा संपच झाला. प्रदर्शनाच्या जागी एका विद्यार्थ्याची पोलिसाशी झटापट झाली. कॉलेजच्या युरोपीय अधिकाऱ्यांनी आपल्या मुलांची बाजू घेतली नाही, अशी विद्यार्थ्यांची भावना झाली आणि कॉलेज बंद ठेवावे लागले. राज्यकर्त्यांच्या वंशाचा शिक्षक आपल्याला न्याय देईल का, हा प्रश्न त्या संपाच्या मुळाशी होता.

ऑक्टोबर १९२०

पहिले महायुद्ध संपले होते. जालियनवाला बागेची जखम ताजी होती. तुर्कस्तानच्या खलिफाच्या प्रश्नावरून मुसलमान समाज पेटला होता. असहकाराच्या कार्यक्रमात सरकारी आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांवरील बहिष्काराचा समावेश होता. १२ ऑक्टोबर १९२० रोजी महात्मा गांधी अलीबंधूंसह अलीगढला आले. मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली हे दोघेही याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. कॉलेजने सरकारी अनुदान नाकारावे, नाही तर विद्यार्थ्यांनी कॉलेज सोडावे, असे त्यांचे आवाहन होते.

आज या सभेची कथा सांगताना सारे विद्यार्थी एकमुखाने उठून उभे राहिले असे चित्र रंगवले जाते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. पुष्कळ मुलांनी पाहुण्यांची टर उडवली. त्या दिवशी झाकिर हुसेन नावाचा एक विद्यार्थी अलीगढमध्ये नव्हता. तो एम. ए. करीत होता आणि कॉलेजात अर्धवेळ शिकवतही होता. प्रकृती दाखवायला तो दिल्लीला डॉ. अन्सारींकडे गेला होता. परतल्यावर स्टेशनवरच त्याला आपले सोबती गांधीजींची कशी फजिती केली हे फुशारकीने सांगताना भेटले. त्याला हे ऐकून लाज वाटली. प्रा. मोहम्मद मुजीब यांनी लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग आला आहे. लगोलग तो पुन्हा दिल्लीला गेला आणि हकीम अजमल खान प्रभृती नेत्यांना भेटला. तुम्ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था काढणार असाल तर अलीगढची मुले आणि काही शिक्षक बाहेर पडायला तयार आहेत, असे त्याने सांगितले. म्हणजे केवळ कॉलेज सोडा या हाकेला एका तेवीस वर्षांच्या तरुणाने प्रतिप्रश्न केला होता : सोडून जायचे कोठे?

हा प्रतिप्रश्नच या इतिहासाचा गाभा आहे, असे मला वाटते.

विश्वस्तांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. त्यांना सरकारचे खुशमस्करे म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण मुस्लिम विद्यापीठासाठी १९११ पासून आगाखान यांच्या पुढाकाराने गावोगावी वर्गणी गोळा झाली होती. कित्येक वर्षांच्या वाटाघाटींनंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा कायदा १९२० साली संमत झाला होता आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विद्यापीठ अस्तित्वात यायचे होते. हातातोंडाशी आलेला घास मुलांच्या हट्टापायी गमवायचा का, असे त्यांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. त्यांनी मागणी फेटाळली. मुलांच्या घरी पत्रे गेली आणि पालक धावत आले. ज्या बापाने जमिनीचा तुकडा विकून मुलाला अलीगढला धाडले होते, त्याला असहकार समजावून सांगणे सोपे नव्हते. बरीच मुले परत गेली.

जी उरली त्यांच्यासाठी २९ ऑक्टोबर १९२० रोजी, शुक्रवारी, कॉलेजच्याच मशिदीत नव्या संस्थेची स्थापना झाली. माल्टाच्या कैदेतून काही महिन्यांपूर्वीच सुटलेले देवबंदचे मौलाना महमूद हसन आजारी अवस्थेत आले. त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखवले. महिन्याभरातच त्यांचे निधन झाले. अलीगढ आणि देवबंद, इंग्रजी शिकलेला पदवीधर आणि दाढीवाला आलिम हे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दोन प्रवाह त्या दिवशी एका छताखाली आले. तेही मुलांच्या आग्रहाने, हे विसरता कामा नये. हकीम अजमल खान पहिले कुलपती झाले, मोहम्मद अली पहिले कुलगुरू. पोलिसांनी आवार रिकामे करायला लावले तेव्हा वर्ग तंबूत भरले.

याच काळात अहमदाबादेत गुजरात विद्यापीठ, काशीत काशी विद्यापीठ आणि पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ या राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. जामिया ही त्याच कुळातली. तिला केवळ ‘मुसलमानांची संस्था’ म्हणणाऱ्यांनी आणि तिला केवळ ‘काँग्रेसची संस्था’ म्हणून हिणवणाऱ्यांनीही हे कुळ ध्यानात घ्यावे.

लाट ओसरल्यावर

कोणत्याही आंदोलनाची परीक्षा लाट ओसरल्यावर होते. १९२२ साली चौरीचौरानंतर असहकार मागे घेण्यात आला. मार्च १९२४ मध्ये खुद्द तुर्कस्तानानेच खिलाफत रद्द केली. ज्या कारणासाठी मुले बाहेर पडली होती ते कारणच नाहीसे झाले. खिलाफत समितीचा पैसा थांबला. जामियाच्या पदवीला सरकारची मान्यता नव्हती, म्हणजे सरकारी नोकरीचा दरवाजा बंद. संस्था गुंडाळावी असे पुष्कळांचे मत पडले. हकीम अजमल खान आणि गांधीजी मात्र ती चालवावी यावर ठाम होते. १९२५ साली जामिया अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत आली.

जर्मनीत शिकत असलेल्या तिघा तरुणांना, झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब यांना, ही बातमी कळली. आपण परत येईपर्यंत संस्था बंद करू नका, असा निरोप त्यांनी धाडला. १९२६ साली तिघे आले. बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले झाकिर हुसेन एकोणतिसाव्या वर्षी जामियाचे कुलगुरू झाले. ज्या नोकरीत पगार वेळेवर मिळण्याची खात्री नव्हती अशी ती नोकरी. १९२७ च्या अखेरीस हकीम साहेब वारले आणि खर्च चालवणारा आधारच गेला. तेव्हा १९२८ साली अकरा जणांनी प्रतिज्ञा केली की वीस वर्षे जामिया सोडायची नाही आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन घ्यायचे नाही. प्रत्यक्षात त्यांच्या हाती पडणारी रक्कम त्याहून पुष्कळ कमी असे. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी जामियाचे खजिनदारपद सांभाळले.

अलीगढमध्ये घोषणा देणारे पुष्कळ होते. वीस वर्षांच्या करारावर सही करणारे अकरा निघाले. शिक्षणाची सुधारणा या अकरांनी केली. परंतु त्या घोषणांशिवाय हे अकरा तरी कोठून आले असते?

वर्गात विद्यार्थ्याचा आवाज

राजकीय मागणीतून जन्मलेली ही संस्था हळूहळू शैक्षणिक प्रश्नांकडे वळली. शिक्षणाचे माध्यम उर्दू, म्हणजे तेथल्या मुलांची मातृभाषा, ठेवण्यात आले. विद्यापीठाचे शिखर बांधण्याआधी प्राथमिक शाळेचा पाया घालावा, असे झाकिर हुसेन यांना वाटे. डॉक्टरेट घेतलेले कुलगुरू लहान मुलांच्या वर्गात रमत. जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारख्या शिक्षकांनी प्रकल्प पद्धतीचे प्रयोग केले. मुलांची बँक, मुलांचे दुकान आणि मुलांनीच चालवलेला कारभार हे या शाळेचे वैशिष्ट्य होते. हिशेब पाठ करायचा नाही, दुकान चालवून शिकायचा. नागरिकशास्त्र वाचायचे नाही, आपल्यातले कारभारी निवडून शिकायचे. बर्लिनमध्ये या तिघांशी ओळख झालेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू बाई पुढे जामियात आल्या आणि बालवर्गाच्या कामात त्यांनी उरलेले आयुष्य घालवले. मुले त्यांना आपाजान म्हणत. १९४३ साली त्या गेल्या. त्यांची कबर जामियाच्याच कबरस्तानात आहे.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवायची होती. हा मान एखाद्या नवाबाला किंवा पुढाऱ्याला देता आला असता. तो शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याला देण्यात आला. आपल्या संस्थांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या निर्णयाचे वेगळेपण सांगावे लागू नये.

मात्र या प्रयोगाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. १९२० च्या त्या बंडात मुली नव्हत्या. ज्या अलीगढमध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ यांनी १९०६ साली विरोध पत्करून मुलींची शाळा काढली होती, त्याच अलीगढमधून मुले राष्ट्रीय शिक्षणासाठी बाहेर पडली, तेव्हा ‘राष्ट्र’ म्हणजे मुलगेच असे सर्वांनी गृहीत धरले होते. मुलींचा आवाज या कथेत फार उशिरा येतो.

वर्धा : मान्यता आणि संशय

या कथेचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात येतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, हाही त्या कल्पनेचा भाग होता. झाकिर हुसेन यांनी भर सभेत शंका घेतली. कामातून शिक्षण ही कल्पना नवी नाही, इतर देशांतील शिक्षणतज्ज्ञांनी ती मांडली आहे, आणि स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमाचे शोषण करणारे मुकादम बनतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. गांधीजींपुढे असे बोलणारे त्या काळी थोडे होते. गांधीजींचे मोठेपण असे की, आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी याच टीकाकाराकडे सोपवले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सैयदैन, आर्यनायकम ही मंडळी होती. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम अशी शिफारस झाली. नई तालीम या नावाने ती प्रसिद्ध आहे.

अलीगढमध्ये जो विद्यार्थी नेत्यांना ‘सोडून जायचे कोठे?’ असे विचारीत होता, तोच वर्ध्यात ‘याची किंमत कोणते मूल देणार?’ असे विचारीत होता. विद्यार्थिदशेत प्रश्न विचारण्याची सवय लागली तर माणूस पुढे आपल्या बाजूच्या मोठ्या माणसांनाही प्रश्न विचारतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुर्दैव असे की, मुस्लिम लीगने या योजनेकडे मुसलमानांवरचे संकट म्हणून पाहिले. १९३८ च्या पीरपूर अहवालात वर्धा योजनेवर आणि मध्य प्रांतातील विद्यामंदिर योजनेवर टीका झाली. विद्यामंदिर या नावाचा मुसलमान पालकांना वाटलेला आक्षेप अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. बहुसंख्याकांच्या प्रतीकांनी शाळेला नाव दिले की अल्पसंख्याक पालक बिचकतो. पण योजनेचा आराखडा एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाने केला आहे आणि त्यात गरीब मुलाच्या मातृभाषेचा विचार आहे, हे त्या गदारोळात कोणी ऐकलेच नाही. शिक्षणाचा प्रश्न अस्मितेच्या बाजारात गेला की मुलाचे काय होते, याचा हा जुना धडा आहे.

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देश दंगलींनी होरपळत होता. नेहरू, आझाद, जिना आणि लियाकत अली एकाच व्यासपीठावर बसलेले होते. झाकिर हुसेन यांनी सोहळ्याचे गोडवे न गाता या नेत्यांना, ही आग विझवा, शिक्षणाचे काम अशा आगीत होऊ शकत नाही, अशी कळकळीची विनंती केली. आग विझली नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये जालंधर स्टेशनवर खुद्द झाकिर हुसेन यांचा जीव थोडक्यात वाचला. फाळणीनंतर १९४८ साली ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या आवारातून ते बंडखोर म्हणून बाहेर पडले होते, त्याच आवारात अठ्ठावीस वर्षांनी ते भेदरलेल्या, पाकिस्तानात जावे की राहावे या विचारात पडलेल्या विद्यार्थ्यांना धीर द्यायला परतले. १९६७ साली ते देशाचे राष्ट्रपती झाले आणि १९६९ साली त्या पदावर असतानाच वारले. त्यांचे दफन जामियाच्या आवारात झाले. १९६२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेली जामिया १९८८ साली केंद्रीय विद्यापीठ झाली.

आपल्यासाठी

या इतिहासाचा आजच्या तरुणाशी काय संबंध? सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने एक मोठा गैरसमज खोडून काढला. शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फार थोडी, सुमारे तीन-चार टक्के, मुले मदरशात शिकतात. बाकीचा प्रश्न साध्या शाळेचा आहे. शाळा जवळ आहे का, शिक्षक येतो का, सातवी-आठवीनंतर मूल का गळते, मुलीला पुढे का पाठवले जात नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचा हक्क मान्य केला. पण त्या मुलाला काय वाटते, हे विचारण्याची रीत आपण पाडली नाही. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या मुस्लिम घरात मराठी शाळा की उर्दू शाळा की इंग्रजी शाळा, यावर घरातले वडीलधारे वाद घालतात, संस्थाचालक वाद घालतात, पुढारी वाद घालतात. ज्याला त्या शाळेत दहा वर्षे काढायची आहेत तो बाजूला उभा असतो.

महाविद्यालयांतही फारसे वेगळे नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळाच्या थेट निवडणुका थांबल्या. त्यांना पुन्हा कायद्यात जागा मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. विद्यार्थ्यांच्या नकारातून जन्मलेल्या जामियातही २००६ साली विद्यार्थी संघ बरखास्त झाला. १५ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधातील आंदोलनाच्या वेळी पोलीस तिच्या ग्रंथालयात शिरले, ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. विद्यार्थ्याच्या आवाजाची भीती परक्या सरकारपुरती मर्यादित नव्हती, हे यातून दिसते.

तरुणांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अलीगढच्या मुलांनी केवळ बहिष्कार घातला असता तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. त्यांच्यातल्या काहींनी तंबूत वर्ग भरवले, परदेशातल्या पदव्या घेऊन तुटपुंज्या पगारावर लहान मुलांना अक्षरे शिकवली आणि आपल्या नेत्यांनाही उलट प्रश्न विचारले. मोर्चा एका दिवसाचा असतो. शाळा चालवायला वीस वर्षे लागतात. आपल्या वस्तीतली बंद पडत आलेली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीनंतर घरी बसलेली बहीण, रात्री अभ्यासाला जागा नसलेली मुले हे आजचे अलीगढ आहे. तेथे जे तरुण हक्काने प्रश्न विचारतील आणि उत्तर मिळेपर्यंत तेथेच थांबतील, त्यांना झाकिर हुसेन यांचे वारस म्हणता येईल. वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे की ते बोलू लागले म्हणजे त्यांच्या घरी पत्रे धाडू नयेत.